जिप्सीच्या पुढच्या चाकाचा आतलाच ब्रेक पॅड का संपतो?

कोथरूडची_जिप्सी:
नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची जिप्सी किंग आहे. आठवडाभर ती सोसायटीत उभी असते आणि सुटीच्या दिवशी ताम्हिणी, वेल्हे किंवा मुळशीच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर जाते. पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली आहे आणि घाट उतरताना पुढून लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. चाक काढून पाहिले, तेव्हा डावीकडच्या आतल्या पॅडवर जेमतेम दोन मिलिमीटर मटेरियल उरलेले दिसले. त्याच चाकाचा बाहेरचा पॅड मात्र निम्म्याहून अधिक शाबूत आहे. गॅरेजमध्ये ‘पॅड बदलून टाका’ एवढेच सांगितले गेले. तेवढे पुरेसे आहे का, की आणखी काही उघडून पाहायला हवे?

घाटवाट:
केवळ पॅड बदलून भागणार नाही, कारण नवे पॅडही याच पद्धतीने झिजतील. जिप्सीच्या पुढच्या कॅलिपरला (डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड धरून दाबणारा भाग) एकच पिस्टन असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. ओढ्यातून आणि चिखलातून गाडी गेली, पिनेवरचे रबरी बूट (आवरण) फाटलेले असले, तर आत पाणी शिरते, पिन गंजते आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग सगळे काम एकट्या आतल्या पॅडवर येते. डावे चाक कमी ताकदीने थांबते आणि म्हणून गाडी उजवीकडे ओढते. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

पिना काढून बारीक पॉलिश पेपरने साफ करा. खड्डे पडले असतील तर पिना नव्याच घ्या. त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस अजिबात नको, कारण खनिज तेलाने बुटांचे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. बूट बदलाच, त्यांची किंमत किरकोळ असते. पिस्टनही हाताने तपासा: सी-क्लॅम्पने सावकाश दाबल्यावर तो सरळ आत गेला पाहिजे. दाबण्यापूर्वी मास्टर सिलिंडरच्या बाटलीतले थोडे ब्रेक ऑइल काढून ठेवा, नाही तर ते वर येऊन सांडेल आणि रंग खाईल. काढलेला कॅलिपर होस पाईपवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. आणि गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करू नका. खाली स्टँड हवेतच. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर नवीच डिस्क बसवावी.

नानापेठ_स्पेअर:
घाटवाट यांनी सांगितले ते योग्यच आहे. त्यात एक भर घालतो, कारण या गाड्यांत ती गोष्ट वारंवार दुर्लक्षिली जाते. पुढच्या ॲक्सलच्या नकलचे (चाक वळवणारा टोकाचा सांधा) सील जुने झाले की आतले ग्रीस बाहेर झिरपते आणि डिस्कपर्यंत पोहोचू शकते. ग्रीस प्यायलेला पॅड कितीही धुतला तरी भरवशाचा राहत नाही. नकलच्या गोल भागावर काळपट, ओलसर पट्टा दिसला, तर आधी सील बदला आणि मगच नवे पॅड बसवा. त्याच वेळी चाक वर-खाली हलवून बेअरिंग आणि किंगपिनमधला (नकल जिच्यावर वळते ती पिन) खेळ, म्हणजे ढिलेपणा, पाहून घ्या. खेळ जास्त असेल तर खडबडीत रस्त्यावर डिस्क डगमगून पिस्टन मागे ढकलला जातो आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल जाते.

ब्रेक ऑइल किती जुने आहे? ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो, त्याखाली मात्र नाही. लांब घाटात हाच फरक जाणवतो, कारण ऑइल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडते. दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलणे इष्ट.

कोथरूडची_जिप्सी:
आपले दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॅलिपर उघडला. खालची पिन इतकी घट्ट बसली होती की पान्याने फिरवून काढावी लागली. तिच्यावर लालसर गंज आणि बारीक रेतीचा लेप होता. बूट एका बाजूने चिरलेला निघाला. नकल कोरडे आहे. पिना, बूट आणि चारही पॅड नवे बसवले, ऑइलही बदलले. आता थेट घाटात न्यायला हरकत नाही ना?

घाटवाट:
लगेच नेऊ नका. आधी गाडी जागेवरच ठेवून, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे सरकवलेला असल्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागत नाही. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगावरून वीसपर्यंत बेताने ब्रेक लावत या, मधे थंड होऊ द्या आणि असे बऱ्याच वेळा करा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतील. मागच्या ड्रमचे लायनरही (ड्रमला आतून घासणारे अस्तर) एकदा उघडून पाहा, कारण मागचे ब्रेक ढिले असले की पुढच्या पॅडवरचा भार वाढतो. घाट उतरताना चढताना वापरला असता तोच गिअर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवेल. डांबरी रस्त्यावर त्यासाठी फोर व्हील ड्राईव्ह मात्र लावू नका.