लहान मुलांचं दूरशिक्षण: घरी नेमकं शिकवतं कोण?

ओसरी:
मुलगी सहा वर्षांची. शाळेऐवजी दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलंय. छापील पाठ घरी येतात, बाई ठरलेल्या वेळी पडद्यावर भेटतात, बाकीचं मी करून घेते. सगळे विचारतात, "बाई नीट शिकवतात का?" शिकवतात. पण या वयात खरं शिकणं शेजारी बसलेल्या माणसावर अवलंबून असतं, असं माझं ठाम मत झालंय.

परवा 42 मधून 15 वजा करायचे होते. तिचं उत्तर 33. बाईंनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, "चुकलं, परत कर" म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मी शेजारी बसून तिचं बोट बघत होते. 2 मधून 5 जात नाहीत, म्हणून तिनं खुशाल 5 मधूनच 2 काढले होते. काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. एक जुडी तिलाच सोडायला लावली. मग 27 तिनं स्वतः मोजून सांगितले, आणि लगेच "अजून एक दे" म्हणून मागे लागली. भरलेल्या वर्गात एकेका मुलासाठी अशी जुडी सोडायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून मला घरचंच शिक्षण बरं वाटतं.

पायवाट:
अजिबात पटलं नाही. मी पहिली-दुसरीला शिकवते. 33 हे उत्तर दिसताक्षणी मूल कुठे अडलंय ते आम्हाला कळतं, कारण ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो. काड्या आमच्याकडेही असतात. तुमच्या बाईंना ते जमलं नाही याचं कारण पडदा आहे, वर्ग नव्हे. वर्गात एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो आणि दोघंही शिकतात. तुमच्या मुलीला तो दुसरा कुठे भेटणार?

हिरवी_खिडकी:
ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला 1951 मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. विमानानं रुग्णांपर्यंत जाणाऱ्या 'उडत्या डॉक्टरां'च्या सेवेसाठी दुर्गम भागात जे दोन्हीकडून बोलता येणारे रेडिओ होते, त्यांच्यावरूनच धडे व्हायचे. लेखी अभ्यास टपालानं जाई-येई. आणि घरी कुणीतरी मोठं माणूस, बहुतेकदा आईच, मुलाजवळ बसून तो करून घेई. म्हणजे ओसरी म्हणतात ते खरंच आहे. पण तिथं शाळा शेकडो किलोमीटर लांब, दुसरा इलाजच नव्हता. शाळा जवळ असताना हा मार्ग का धरायचा, याचं उत्तर धाग्यात सापडलं नाही.

मध्यरात्र:
मला वेगळाच प्रश्न पडलाय. शेजारी बसणारं माणूस आणायचं कुठून? आम्ही दोघंही नोकरी करतो. म्हणजे एकानं घरी बसायचं, आणि ते कोण हे सांगायला नको. मुलाच्या भल्याचा हिशेब मांडताना आईच्या वर्षांचाही मांडा.

ओसरी:
मध्यरात्र, तुमचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे नवरा दुपारी घरी असतो, त्यामुळे वाचन त्याच्याकडे आणि गणित माझ्याकडे. ज्यांना हे शक्य नाही त्यांना मी हा मार्ग मुळीच सुचवणार नाही.

हिरवी_खिडकी, जवळची शाळा पाहिली होती. तिथं मुलीला वाचता येत असूनही अक्षरं गिरवण्यात महिने जाणार होते. घरी ती गोष्टी वाचते आणि वजाबाकीवर हवा तितका वेळ थांबते. हा वेग मला सोडवत नाही.

पायवाट, दुसरं मूल हवं हे मान्य. संध्याकाळी ती मुलांत खेळते.

पायवाट:
खेळताना पटलं नाही की मूल घरी निघून येतं. वर्गात नावडत्या मुलाशेजारी बसून काम पुरं करावं लागतं, त्याचंही ऐकून घ्यावं लागतं. ते संध्याकाळच्या खेळात येत नाही. तिच्याच वयाची दोन-तीन मुलं आठवड्यातून काही वेळ तुमच्याकडे अभ्यासाला बसवता येतील का? तसं जमलं तर माझा अर्धा विरोध मागे घेईन. अर्धाच.