बालमानसोपचाराचा अर्ज रेसिडेन्सीतच करावा का? तुमचे अनुभव लिहा

एमडी सायकियाट्रीच्या, म्हणजे मानसोपचाराच्या, दुसऱ्या वर्षाची मुलं हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. लहान मुलांचं काम आवडतंय, तर डीएमचा (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीचा) किंवा फेलोशिपचा अर्ज रेसिडेन्सीतच, एमडी करतानाच, करावा की आधी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष उरकावं? देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र 1937 साली मुंबईत निघालं. आज मात्र या विषयाचं डीएम म्हटलं की इथला रेसिडेंट बेंगळुरू, चंदीगड नाहीतर दिल्लीकडे बघतो. अर्ज केलेल्यांनी, सीट मिळालेल्यांनी, न मिळालेल्यांनी आणि नाद सोडलेल्यांनीही लिहावं. ज्या विभागाबद्दल तक्रार असेल त्याचं नाव नको, रुग्ण ओळखू येईल असा तपशील तर नकोच. घरचे काय म्हणाले तेही लिहा, खरी अडचण बऱ्याचदा तिथेच असते.

डीएम करून परतलेली, दादर

तिसऱ्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, एमडीची थिअरी-प्रॅक्टिकल आहेच, आणि आयएनआय-एसएस, म्हणजे एम्ससारख्या संस्थांतल्या डीएमची प्रवेश परीक्षा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी अशी वर्षातून दोनदा. एमडीचा निकाल ठरलेल्या तारखेच्या आत लागला नाही तर रँक असून उपयोग नाही. म्हणून मी थिसिसच मुलांवर घेतला, अतिचंचल मुलांच्या आयांवर येणारा ताण. गाईड म्हणाले, केसेस मिळणार नाहीत. मी बालरोगाच्या ओपीडीत जाऊन बसायला लागले आणि केसेसचा प्रश्न सुटला. त्या बसण्यानेच मला शिकवलं म्हणा ना. आई डॉक्टरांशी बोलत असते तेव्हा पोरगं टेबलाखाली काय करतंय, हे बघायची सवय तिथे लागली. विभागातल्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं. पुस्तकातले निकष सगळ्यांनाच येतात. मला विचारलं, की मूल खोलीत आल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय पाहाल?

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, भाषेची. मोठ्या माणसाची हिस्ट्री दुभाष्यामार्फत कशीबशी घेता येते. चार वर्षांच्या पोराशी दुभाष्यामार्फत खेळता येत नाही. बेंगळुरूत पहिले कित्येक महिने मी ‘बा’, ‘कूत्को’, ‘एनु’ एवढ्यावर दिवस काढले. नर्सिंगच्या ताईंनी सांभाळून घेतलं. तिकडे जायचं असेल तर इथूनच थोडं कन्नड शिकून जा.

घरी? सासूबाई म्हणाल्या, “अजून तीन वर्षं? मग स्वतःचं मूल कधी?” आमच्या अहोंनी तो विषय परस्पर मिटवला, कसा ते मला आजही माहीत नाही.

सीट न मिळालेला, सध्या बाँडवर

रँक आली होती, पण जागा मोजक्या, त्यामुळे राहिलो. मुलांच्या कामाकडे माझं मन वळलं ते डीआरपीच्या, म्हणजे एमडीत जिल्हा रुग्णालयात काढायच्या, तीन महिन्यांत, पालघर जिल्ह्यात. शाळेत जात नाही, बोलत नाही, अंगात येतं, अशी मुलं यायची. मुंबईत आपण अतिचंचलतेसाठी सहज मिथाइलफेनिडेट हे औषध लिहितो. तिथे ते ठेवणारं दुकान शोधण्यातच नातेवाइकांचा दिवस आणि मजुरी जायची. मग औषधाआधी शिक्षकाला फोन करायला लागलो. पुन्हा परीक्षा देतोय.

अमेरिकेत रेसिडेन्सी करणारा, मूळचा गोरेगावचा

इकडचा हिशेब वेगळा आहे. जनरल सायकियाट्रीची चार वर्षं आणि वर फेलोशिपची दोन. पण तिसऱ्या वर्षानंतर थेट फेलोशिपला जाता येतं, त्याला फास्ट ट्रॅक म्हणतात, आणि एकूण पाच वर्षांत सुटका होते. त्यासाठी अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच जातो, म्हणजे मन दुसऱ्या वर्षीच ठरलेलं हवं. शिफारसपत्र देणारा मुलांच्या विभागातला असला तर उत्तम, पण ते पोस्टिंग काही प्रोग्रॅममध्ये इतकं उशिरा येतं की पत्र मागायचं कुणाकडे? मी प्रोग्रॅम डायरेक्टरांना सांगून पोस्टिंग पुढे ओढून घेतलं. दरवर्षी काही जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे भारतासारखी जीवघेणी चुरस नाही. चुरस नामवंत ठिकाणांसाठीच. खरं डोकं खातो तो व्हिसा. जे-वनवर असाल तर शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी, नाहीतर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सूट. बायकोला हे आधी सांगून ठेवा.

अर्जच न केलेला, डोंबिवली

माझ्या वेळी वडील आजारी होते, कर्ज होतं, प्रॅक्टिस सुरू केली. आज आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त मुलं बघतो. विशेष शिक्षिका आणि स्पीच थेरपिस्ट एकाच गाळ्यात बसतात. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठाण्याहून येते. डीएम नसल्याने पालकांचं काही अडलेलं नाही. माझं अडतं, स्वमग्नतेच्या बरोबर झटके असले की. तेव्हा फोन कुणाला लावायचा हे ठरलेलं आहे. डीएमवाल्यांनी नाक मुरडू नये, डोंबिवलीत ते येणार नाहीत.

डीएम करून परतलेली, दादर

नाक नाही मुरडत, सर. तुमच्याकडचा पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा फाईल नीट लावलेली असते, हे मोठं सुख आहे.

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट

सगळं वाचलं. माझी अडचण साधी आहे. आमच्या युनिटमध्ये मुलांची ओपीडी म्हणजे प्रमाणपत्रांची रांग. अध्ययन अक्षमतेचं (लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी देता येत नाही, हे सहा वर्षांच्या मुलाच्या बापाला समजावण्यातच सकाळ जाते. मग हे काम मला खरंच आवडतंय की मोठ्यांच्या वॉर्डातून सुटका आवडतेय, कसं कळणार?

डीएम करून परतलेली, दादर

रांगेत बसून नाही कळणार. दोन आठवडे बाहेर ऑब्झर्व्हर म्हणून जा, जिथे एका मुलाला तासभर देतात. पालकांचं तेच तेच पाचव्यांदा ऐकताना चीड आली तर मोठ्यांची सायकियाट्री उत्तम आहे, त्यात कमीपणा नाही. विभागप्रमुखांकडे रजेचा अर्ज मात्र आत्ताच टाक. दहावीचे फॉर्म सुरू झाले की परीक्षेतल्या सवलतींच्या प्रमाणपत्रांसाठी झुंबड उडते, मग ओपीडीतून तुला कुणी सोडणार नाही.