सत्र न्यायालयाने दिलेला जामीन वरच्या कोर्टात रद्द होऊ शकतो का?

प्रश्न:
माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात कोयता मारला. कवटीला फ्रॅक्चर, २१ टाके. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) खाली, फिर्यादी मी. मागच्या सोमवारी सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीला जामीन दिला. आदेशात लिहिलंय, जखम साधी दिसते. सीटी स्कॅनचा रिपोर्ट मी स्वतः तपास अधिकाऱ्यांच्या हातात दिला होता, त्याचा आदेशात उल्लेखसुद्धा नाही. आमच्या गल्लीत फिरकायचं नाही अशी अट आहे. तरी परवा संध्याकाळी तो दारासमोर गाडी थांबवून म्हणाला, "साक्षीला उभी राहा, मग बघतो." सरकारी वकील म्हणतात, जामीन झाला तो झाला. भाऊ अजून एकटा झोपत नाही. मला स्वतःला वर दाद मागता येईल का?

उत्तर (फौजदारी वकील):
येईल, ताई. दिलेला जामीन रद्द करण्याचं कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८३(३), जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३९(२). फिर्यादीसुद्धा अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पूरन विरुद्ध रामबिलास प्रकरणात मान्य केलंय. कुणी 'रिव्हिजन (वरच्या कोर्टात आदेश तपासून घेण्याचा अर्ज) टाका' म्हणालं तर ऐकू नका. जामिनाचा आदेश अंतरिम, म्हणजे खटल्याच्या मधला, धरतात, त्यावर रिव्हिजन चालत नाही.

तुमच्या तक्रारी मात्र दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका. रिपोर्ट न बघता जामीन दिला, म्हणजे आदेशच चुकला. यासाठी उच्च न्यायालयात जावं लागेल, कारण सत्र न्यायाधीश स्वतःचाच आदेश चुकीचा ठरवत नाहीत. इथे आरोपी नंतर कसा वागला हे दाखवायची गरज नसते, महत्त्वाचा पुरावा डावलला एवढं दाखवायचं. धमकी ही जामिनानंतरची गोष्ट. त्यासाठी त्याच सत्र न्यायालयात जामीन रद्द करण्याचा अर्ज देता येतो, आणि तो लवकर ऐकला जाण्याची शक्यता जास्त. पण तिथे पुरावा भक्कम लागतो. जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं, हे कोर्टं फार काटेकोरपणे पाळतात.

उत्तर (आमच्या घरीही हेच झालं होतं):
ताई, आज पोलीस स्टेशनला जा. उद्या नको. माझ्या वडिलांना अशीच धमकी आली, आम्ही घाबरून चार महिने गप्प बसलो. कोर्टाने पहिलाच प्रश्न विचारला, तेव्हाच तक्रार का नाही दिली? आमच्याकडे उत्तर नव्हतं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोण कोण होतं, सगळं लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोचीचा शिक्का घ्या. समोरच्या घराला कॅमेरा असेल तर फुटेज आधी मागा, ते आपोआप पुसलं जातं.

प्रश्नकर्ती:
कॅमेरा आहे, शेजारच्या काकांकडे. आत्ताच जाते. रिपोर्टचं काय करू?

उत्तर (फौजदारी वकील):
जामीन आदेशाची प्रमाणित प्रत काढा. रिपोर्ट पोलिसांनी कोर्टापुढे ठेवलाच नव्हता, की ठेवूनही पाहिला गेला नाही, हे आधी शोधा. सगळा अर्ज त्यावर उभा राहील. आणि साक्षीदार संरक्षण योजनेखालीही अर्ज द्या. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती तो ऐकते, त्यासाठी जामीन रद्द होण्याची वाट बघायची गरज नाही. भावाचं नावही त्यात घाला.