लोड कपॅसिटन्सला 'भारधारिता' म्हणावं का?

विचारणा: मायक्रोकंट्रोलरवर मराठीत टिपण लिहितेय. क्रिस्टलच्या (मायक्रोकंट्रोलरला ठरावीक वारंवारतेचे ठोके देणाऱ्या घटकाच्या) माहितीपत्रकात 'लोड कपॅसिटन्स १८ पिकोफॅरड' असं असतं. त्याला 'भारधारिता' लिहू का? आणि मग दोन्ही पायांना १८-१८ चेच कपॅसिटर लावायचे, बरोबर?

प्रतिसाद: हा शब्द कुठे फसवतो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच दिसतंय. 'विद्युतभार' म्हटलं की चार्ज आठवतो, नुसतं 'लोड' म्हटलं की मोटर किंवा दिवा. इथे दोन्ही नाहीत. क्रिस्टलच्या दोन टोकांना सर्किटची जी एकूण धारिता (कपॅसिटन्स) जाणवते, ती लोड कपॅसिटन्स. तेवढी धारिता जोडलेली असेल तरच क्रिस्टल त्यावर छापलेली वारंवारता देतो. म्हणजे १८ ही क्रिस्टलची अट झाली, कपॅसिटरचं मूल्य नव्हे.

दोन्ही कपॅसिटरचं एकेक टोक ग्राउंडला असतं, म्हणून क्रिस्टलच्या बाजूने पाहिलं तर ते एकसर जोडणीत (सिरीजमध्ये) येतात. सारखे असतील तर त्यांची धारिता निम्मी भरते. त्यात पिनांची आणि पीसीबीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) ट्रॅकची मिळून काही पिकोफॅरड भर पडते. ती ५ धरली तर १८ वजा ५ म्हणजे १३, त्याची दुप्पट २६. जवळचा मिळणारा २७ चा. १८-१८ चे लावले तर क्रिस्टलला मिळतील जेमतेम १४, आणि वारंवारता किंचित वर सरकेल.

विचारणा: किंचित म्हणजे किती? एवढ्याने बिघडतं का काही?

प्रतिसाद: सिरियल पोर्टला जाणवणारही नाही. घड्याळाला जाणवतं. दहा लाखांत २० चा फरक पडला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. घड्याळासाठी वापरतात त्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलची अट बहुधा १२.५ ची, काहींची ६ चीच असते. तिथे ती वरची ५ ची भर फार मोठी ठरते. उलट कपॅसिटर फार मोठे घेतले तर दोलक (ऑसिलेटर) सुरूच न होण्याची भीती. आणि ताळा पाहायला ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नका, त्याचीच १० च्या आसपासची धारिता मोजमाप बिघडवते. क्लॉक मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या पिनवर काढून मोजा.

आणखी एक प्रतिसाद: त्या पिना-ट्रॅकच्या धारितेला 'परजीवी' म्हणतात, मला 'आगंतुक धारिता' जास्त आवडतं. ती कुणी बसवलेली नसते, मांडणीमुळे आपोआप येते. ट्रॅक आखूड ठेवले की कमी होते.

विचारणा: मग टिपणात 'लोड कपॅसिटन्स'च ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला 'क्रिस्टलला जाणवणारी एकूण धारिता' असा खुलासा देते. 'आगंतुक'ही घेते. कपॅसिटर कुठल्या जातीचे सांगू?

प्रतिसाद: सिरॅमिक, एनपीझिरो (NP0) प्रकारचे. तापमानाने त्यांची धारिता फारशी हलत नाही.