मदत हवी आहे: 'ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा' ही हदीस कोणत्या ग्रंथात आहे?

शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी या महिन्यात माझी आहे. परवा वरचं वाक्य लिहून खाली 'हदीस', म्हणजे पैगंबरांचं वचन, असं टाकलं. काल आठवीतली एक मुलगी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, अब्बा म्हणतात हे पैगंबरांचं नाही." मी तर हे लहानपणापासून ऐकत आलेय! नेटवर बघितलं तर बुखारी, तिर्मिजी, अल-काफी, सहीह, जईफ... डोकं गरगरलं. कुराणासारखा हदीस हाही एकच ग्रंथ असेल अशी माझी समजूत होती. हे वाक्य आहे कुठे? आणि मुसलमान सगळे संग्रह सारखेच मानतात का?

प्रतिसाद १
अब्बा बरोबर आहेत. सुन्नींचे सहा मुख्य संग्रह म्हणजे बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्न माजा. यातल्या एकातही हे वाक्य नाही. बैहकी या हदीस-पंडितांनी ते नोंदवलंय, पण इब्न जौजी या दुसऱ्या पंडितांनी ते बनावट वचनांच्या ग्रंथात टाकलं.

पैगंबर वारले ६३२ मध्ये, संग्रह करणारे इमाम बुखारी ८७० मध्ये. मधल्या काळाचा भरवसा कसा धरायचा? त्यासाठी सनद, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकलं ही साखळी. त्यातला एक जण जरी खोटारडा किंवा विसरभोळा ठरला तरी हदीस जईफ, म्हणजे कमजोर होऊ शकते. या कसोटीमुळेच बुखारी आणि मुस्लिम हे दोन 'सहीह', म्हणजे अस्सल, संग्रह सुन्नी लोक कुराणाखालोखाल मानतात. उरलेल्या चारांत कमजोर हदीसही आहेत. तिर्मिजी तर बऱ्याच हदीसींचा दर्जा स्वतःच लिहून ठेवतात. आमच्याकडे दारुल उलूममध्ये, म्हणजे मोठ्या मदरशात, बुखारी अगदी शेवटच्या वर्षाला शिकवतात आणि वाचून पुरी झाली की 'खत्म-ए-बुखारी'चा जलसा होतो. इतर ग्रंथांना एवढा मान नाही.

प्रतिसाद २
शियांचे संग्रह वेगळे, हे राहिलं. चार ग्रंथ: कुलैनींचा अल-काफी, शेख सदूक यांचा एक आणि तूसींचे दोन. त्यांत पैगंबरांबरोबर शियांच्या इमामांचीही, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातल्या धर्मप्रमुखांचीही, वचनं आहेत. मात्र अल-काफीत आहे म्हणजे खरंच, असं बहुतेक शिया उलेमा (धर्मपंडित) धरत नाहीत. तिथेही एकेक हदीस तपासतात.

मॅडम, फळ्यासाठी सहीह मुस्लिममधली ही घ्या: ज्ञानाच्या शोधात जो वाट धरतो, त्याची जन्नतची वाट अल्लाह सोपी करतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. हीच लिहिते. खाली हदीसचा क्रमांक टाकू का?

प्रतिसाद २
नको. आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात, उद्या आणखी कोणाचे तरी अब्बा हरकत घेतील. नुसतं 'सहीह मुस्लिम' पुरे.