मांजर घराबाहेर काढायची गरज नाही

मांजरीपासून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होईल म्हणून गरोदरपणात मांजर दुसऱ्याला देऊन टाकावी, असा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. मांजर साधारणपणे पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माची अंडी टाकते, आणि ती अंडीही बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून मांजरीच्या शौचाचा ट्रे रोज साफ केला की धोका बराच उतरतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. कुणीच नसेल तर हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. मांजरीला कच्चं मांस देऊ नये.

खरी काळजी अर्धकच्च्या मांसाची, न धुतलेल्या भाज्यांची आणि बागेतल्या मातीची. याकडे फार दुर्लक्ष होतं.

गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचला तर मेंदूला आणि डोळ्यांना होणारी इजा जास्त गंभीर. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट. रक्तचाचणीत आयजीएम (नव्या संसर्गात आधी तयार होणारं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच घाबरू नका, ते कित्येक महिने तसं राहू शकतं. संसर्ग नवा की जुना हे ओळखायला मदत करणाऱ्या अ‍ॅव्हिडिटी चाचणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात बहुतेक वेळा शरीरात सुप्त असलेला जुनाच संसर्ग उसळतो. एचआयव्हीत सीडी4 (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांची संख्या 100 च्या खाली गेल्यावर मेंदूदाहाचा धोका वाढतो. अशा रुग्णाला डोकेदुखी, गोंधळलेपणा किंवा फिट आली तर एक दिवसही थांबू नये.