मदत हवी आहे: मानेला रेडिएशन घेतलं होतं, आता १० वर्षांनी धमनी अरुंद झालीय

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितोय. अण्णा ६७ वर्षांचे. उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली, दाढेखाली बार कायम. २०१५ साली जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. ३३ रेडिएशन, जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. त्यातून उठले. भाकरी दुधात कुस्करून खातात, पण खातात. आम्हाला वाटलं, सुटलो.

परवा चहा पिताना उजव्या हातातला कप निसटला. बोलायला गेले तर शब्द वाकडेतिकडे. दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. वर आम्हालाच म्हणतात, "काय नाही रे, झोप झाली नाही." गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. मला काही पटेना, बेळगावला नेलं. मानेची डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केली, डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, ७५ टक्के अरुंद. रेडिएशननं धमनीचं आतलं अस्तर दुखावतं, मग वर्षानुवर्षं तिथं थर साचत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतकी वर्षं तपासणीला नेतोय, दरवेळी तोंडात बॅटरी मारून बघायचे. मानेच्या धमनीचं नाव कुणी काढलं नाही!

आता रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. एक सर्जन मान उघडून धमनी साफ करू म्हणतात. दुसरे म्हणतात, रेडिएशननं शेकलेल्या मानेची जखम लवकर भरत नाही, मांडीतून स्टेंट घाला. अशा मानेत कुणी स्टेंट घातलाय का? आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना जाहीर झाली होती, कोल्हापुरात आमचं कर्नाटकचं रेशनकार्ड खरंच चालतं का?

प्रतिसाद: दादा, कार्डाचं मागाहून बघा. ही पक्षाघाताची आगाऊ सूचना आहे, त्यात दिवस घालवू नका. माझ्या सासऱ्यांना मिरजेत स्टेंट घातला, त्यांचीही मान शेकलेलीच. दोन दिवस बीपी फार खाली गेलं, म्हणून आयसीयूत ठेवलं, नंतर ठीक. परत हात लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं तर दहा मिनिटंसुद्धा थांबू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. रेडिएशन दोन्ही बाजूंनी होतं ना? उजवी कॅरोटिड बघितली का?

धागाकर्ता: ताई, रिपोर्ट आत्ता उघडला. उजवी ४० टक्के, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. कुणी बोललंच नव्हतं. उद्या पहाटेच्या गाडीनं निघतोय.